गार्डकाकांची पंधरा मिनिटं

गार्डकाका चालायचे पुढे आणि बघायचे मागे. झाशीच्या इलाइट चौराह्यावर ते येताना दिसले की केळीवाले आपापले ठेले आधीच बाजूला घ्यायचे. एकतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून मागे सुटणारे रूळ बघितलेला माणूस! निवृत्तीनंतर तरी मान सरळ होईल ही काकूंची आशा होती; तीही यथावकाश निवृत्त झाली. "पुढचं ड्रायव्हर बघतो, पोरी," काका मला सांगायचे, "मागे कुणी राहिलं नाही ना, एवढंच गार्डनं बघायचं."

गळ्यात शिट्टी, उजव्या काखेत हिरवा झेंडा, डाव्या काखेत लाल. रेल्वेनं हे सामान परत कसं घेतलं नाही, हे कुणी विचारलं नाही. मंडळाच्या गणपतीत आरतीसुद्धा हिरवा झेंडा हलल्याशिवाय सुरू होत नसे.

तर अशा या माणसानं ठरवलं, की झाशीच्या मराठी मंडळाची तरुण मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच दिवस अंदमानला न्यायची. बासष्ट मुलंमुली. सगळी कॉलेजातली, मराठीत ऐकणारी आणि हिंदीत उत्तर देणारी. आया घाबरल्या. काका घरोघर जाऊन एकच वाक्य बोलले, "जेवढे डबे जोडून नेईन, तेवढे जोडून आणीन." चोवीस वर्षांची मी मुलींची प्रमुख झाले. म्हणजे काकांच्या भाषेत 'असिस्टंट'.

कार्यक्रमाचे अकरा कागद होते. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, रुळांखालच्या फळ्यांसारखे एकाखाली एक. शिवाय तालीम! बेतवा नदीच्या वाळूत काकांनी एक लांब दोरी टाकली. "ही दोरी म्हणजे समुद्र. अलीकडे खो-खो, पलीकडे हिरव्या झेंड्याशिवाय कुणी जायचं नाही."

बबीना छावणीतल्या फौजी घरातली टिन्नी फटकळ होती. ती म्हणाली, "काकाजी, समंदर हिलता नहीं है क्या?"

"लाटा हलतात. समुद्र कुठे जाणार?" काका म्हणाले. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्यातही कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे प्रश्न तिथेच संपला. दोरी दिवसभर जागची हलली नाही.

तालमीनंतर कागद चाळताना मला अकराव्या कागदाच्या तळाशी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलेली ओळ दिसली: 'शेवटचा दिवस, सायं. ४.४५ ते ५.००. गार्ड : समुद्रात पाय भिजवणे.'

"काका, हे काय?"

"काही नाही," म्हणत त्यांनी कागद ओढून घेतला. साठी उलटलेला माणूस इतका लाजलेला मी पुन्हा पाहिला नाही. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, बाकीचे दहा कागद बुडाले तरी चालतील, ही पंधरा मिनिटं झाली पाहिजेत.

आणि दहा कागद बुडालेच.

पहिल्या दिवशी कागद म्हणत होता, '६.४५ सूर्यास्तदर्शन'. आम्ही सव्वासहाला रांगा लावून किनाऱ्यावर पोचलो, तर मिट्ट काळोख! सूर्य तिथे साडेपाचलाच मावळतो. काकांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, आणि अंधारात बासष्ट जणांची हजेरी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला वाळूत फक्कीनं खो-खोचं मैदान आखलं. साडेचारला समुद्र उठला, मैदानात आला आणि निम्म्या रेषा पुसून टाकल्या. पोरं किंचाळत पाण्यात नाचायला लागली. पाणी काकांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर आलं, आणि काका? हातात फक्कीचा डबा घेऊन दोन पावलं मागे!

"काका, आलाय ना तुमच्या पायाशी! भिजवा की!"

"अजून वेळ व्हायची आहे. आणि पोरं पाण्यात असताना गार्ड पाण्यात?"

मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी तर कहर. समुद्र साडेचारला येतो म्हणून काकांनी सव्वाचारलाच लाल झेंडा दाखवून सगळ्यांना वर बसवलं. साडेचार झाले, पाच झाले, समुद्राचा पत्ता नाही. समोर कोरडं, सुंदर मैदान आणि आम्ही त्रेसष्ट गाढवं रांगेत बसलेली. आणखी वीस मिनिटांनी पाणी आलं. शेजारची नारळवाली मघापासून हसत होती. ती म्हणाली, "रोज थोड़ा पीछे होता है, अंकल. चाँद की तरह."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "रोज पन्नास मिनिटं लेट?" त्यांचा चेहरा उजळला. "रोज? न चुकता?" चौथ्या दिवशी ते घड्याळ लावून बसले. सहा वाजून दहा मिनिटं! अंधारात त्यांनी माझा खांदा गदागदा हलवला. "असिस्टंट, इतका वक्तशीर लेट मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही!" इकडे माझे चार दिवसांचे कार्यक्रम वाळूत मिळाले होते आणि या माणसाला समुद्राच्या शिस्तीचं कौतुक!

शेवटचा दिवस. मी पोरांना साडेचारलाच बसमध्ये कोंबलं आणि तीनदा मोजलं. पावणेपाचला काकांकडे जाऊन म्हटलं, "बासष्ट. सगळे आत. आता जा."

काकांनी बूट काढले. मोजे घडी करून बुटात घातले. पांढरेफटक पाय वाळूवर ठेवून ते बघतच राहिले. पाणी अजून बरंच दूर होतं. ते चालू लागले, आणि नवल म्हणजे, पुढे बघत! तीस पावलं, चाळीस, पन्नास. आता दहा पावलं राहिली असतील, तोच वर बसवाल्यानं हॉर्न दिला.

एकतीस वर्षांची सवय. इंजिनानं शिट्टी दिली की गार्डनं उत्तर द्यायचं. काका गर्रकन वळले, काखेतला हिरवा झेंडा काढला आणि हलवला.

पाच दिवस त्यांनीच त्या ड्रायव्हरला शिकवलं होतं, हिरवा झेंडा दिसल्याशिवाय निघायचं नाही. दिसला. तो निघाला.

"अरे, रोको! रोको!" मी पुढे, काका मागे, त्यांच्या हातात बूट, तोंडात शिट्टी. बस थांबली तेव्हा टिन्नी खिडकीतून ओरडत होती, "भैया, गार्ड तो छूट गए!" काकांनी घड्याळ बघितलं, पाच वाजून गेले होते; आत चढून त्यांनी पुन्हा बासष्ट मोजले. त्यांचे पाय वाळूनं माखले होते. कोरड्या वाळूनं.

परतीच्या बोटीवर मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. ते बोटीच्या मागच्या टोकाला उभे होते.

झाशीला आल्यावर मी दर वर्षी म्हणायचे, "काका, मी तिकीट काढते. तुम्ही आणि काकू जाऊन या." ते हसायचे. "गाडी असल्याशिवाय गार्ड कुठे जातो?" पण खिशात भरतीच्या वेळांची एक छोटी वही आली. चहाच्या टपरीवर मध्येच घड्याळ बघून म्हणायचे, "आता भरला असेल." रोज पन्नास मिनिटं पुढे, अशी अकरा वर्षं. त्यात किती चूक साठली असेल, ते समुद्रालाच माहीत. मी शेवटची भेटले तेव्हा ते पलंगावर होते. किती वाजले, विचारलं. मी म्हटलं, चार. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "ओहोटी. बरंच चालावं लागेल," म्हणाले आणि पाय पांघरुणात ओढून घेतले.

मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे.

परवा टिन्नीचा फोन आला. आता तिची मुलं कॉलेजात आहेत. "दीदी, बच्चों को ले चलो ना अंदमान. प्लान आप बनाओ." बनवला. एकच कागद आहे. पहिली ओळ अशी : 'पोचताक्षणी, चहाच्या आधी, हजेरीच्या आधी. गार्डसह सर्वांनी समुद्रात पाय भिजवणे.' हिरवा झेंडा काकूंनी मला दिला आहे. तो मी बसमध्येच ठेवणार आहे.