डबलबेलची बोट

सोसायटीत त्याला सगळे डबलबेल म्हणायचे. हे नाव त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. अख्खी नोकरी त्याने बस चालवली. मागे कोण चढलं, कोण उतरलं, कोणाची पिशवी दारात अडकली, याची त्याने कधी फिकीर केली नाही. ती कंडक्टरची डोकेदुखी. घंटा दोनदा वाजली की निघायचं, एकदा वाजली की थांबायचं. मधल्या जगाचं काय ते कंडक्टर बघून घेईल, असा त्याचा सरळ हिशेब.

तो निवृत्त झाला, कानातली घंटा मात्र कामावरच राहिली. जेवताना कोणाचा चमचा ताटावर दोनदा वाजला की हा उठून हात धुवायला मोकळा, मग अजून वाढायचं राहिलेलं का असेना. गाडी सुरू करून तासभर बसेल, पण मागून कोणीतरी टपावर दोन थापा दिल्याशिवाय ब्रेकवरचा पाय काढणार नाही. बायको शेजारणीला सांगायची, "यांना पाठवायचं असलं तर दोन टिचक्या पुरतात हो. बोलून काही उपयोग नाही. बोललेलं यांच्या इंजिनाच्या आवाजात जातं."

अशा माणसाने बोट घेतली.

बोट जुनीच होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची, चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी, मागे दोरी खेचून सुरू करायचं इंजिन. ट्रेलरवर चढवून त्याने ती आणली आणि स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी केली. आधी त्या खिडकीतून झाड दिसायचं. आता बोटीचं बूड दिसू लागलं. थंडीभर दर रविवारी तो ते बूड घासायचा, रंग खरवडायचा, पुन्हा लावायचा. मग पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा पंखा बुडवून ते चालवून बघायचा, आणि जमलेल्या चार रिकामटेकड्यांना बसस्टँडवरच्या आवाजात सांगायचा, "आधी चोक ओढायचा. गिअर मधे. आणि दोरी हळू नाही, झटक्यात. कोंबडीचं पीस उपटल्यासारखी." हे ऐकत बायको आत भांडी घासायची. भांडीही झटक्यात घासायची.

पाणी मात्र बोटीने अजून पाहिलं नव्हतं. दर रविवारी काहीतरी राहायचंच. शेवटी बायकोने फर्मान काढलं.

"या रविवारी जेवणाच्या आत ही पाण्यात गेली पाहिजे. नाहीतर माझा भाऊ घेऊन जाणार आहे. मी त्याला शब्द दिलाय."

मेव्हणा बोटीचं काय करणार हे डबलबेलला माहीत होतं. मेव्हण्याचं फर्निचरचं दुकान. दुकानासमोर बोट ठेवायची, तिच्यात काठोकाठ माती भरायची आणि फुलझाडं लावायची, अशी त्याची योजना. गिऱ्हाईक थांबून फोटो काढेल म्हणे. डबलबेलला स्वप्नं पडायची. बोटीतून शेवंती उगवलेली, आणि मेव्हणा झारीने तिला पाणी घालतोय.

रविवारी सकाळी तिघं तलावावर निघाली. मेव्हणा मदतीला आला होता, पण येताना मोजपट्टी घेऊन आला होता. वाटेत दोनदा उतरून त्याने बोटीची लांबी घेतली.

तलावाच्या काठी बोटी उतरवायला काँक्रीटचा उतार होता, आणि त्या उताराचा राजा होता भोंगा. खरं नाव कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या हातात कायम बॅटरीवरचा भोंगा असायचा आणि समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी तो त्यातूनच बोलायचा.

"नमस्कार काका," तो डबलबेलच्या कानाशी म्हणाला. पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. "पहिल्यांदाच का? बूच लावलंय ना बोटीला? पुष्कळ जण विसरतात."

डबलबेल हसला. बोटीच्या बुडाला मागे एक भोक असतं, आत आलेलं पाणी बाहेर काढायला. पाण्यात उतरवण्याआधी त्याला बूच लावावं लागतं. हे विसरू नये म्हणून त्याने शक्कल काढली होती. बूच त्याने गाडीच्या किल्लीलाच अडकवलं होतं. पाण्यापाशी पोचलो की गाडी बंद करणार, किल्ली काढणार, बूच हातातच येणार. विसरायची सोयच नाही.

"आमच्याकडे सिस्टिम आहे," तो म्हणाला.

मग रिव्हर्स सुरू झाला. बस मागे घेणं डबलबेलच्या डाव्या हातचा मळ होता. ट्रेलर मागे घेणं निराळं निघालं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे पळायचा. त्यात मेव्हणा मागे उभा राहून हातवारे करत होता.

"माझं काय म्हणणं आहे भाऊजी, येऊ द्या. येऊ द्या, येऊ द्या. उजवीकडे. उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे. नाही, आता मी फिरलो, आता तुमच्या."

"तू बोलू नकोस रे," डबलबेल खिडकीतून म्हणाला. "ट्रेलरवर थाप मार. दोन मारल्या की मी येतो, एक मारली की थांबतो. एवढंच कर."

"माझं काय म्हणणं आहे, गाडीला कॅमेरा आहे ना? या जमान्यात थापा कोण मारतं?"

"तुझं म्हणणं नकोय मला, थाप हवीय."

थोड्या वेळाने गाडी आणि ट्रेलर अशी काटकोनात उभी राहिली, जशी भांडण झालेली माणसं लग्नाच्या फोटोत उभी राहतात. मागे बोटींची रांग लागली. भोंगा सगळ्या तलावाला माहिती पुरवत होता. "रांगेतल्या मंडळींनी चहा घ्यायला हरकत नाही. काका प्रयत्न करतायत. काका पुन्हा पुढे गेले. काका आता बागेत गेले. काका बागेतून आले."

डबलबेलने मेव्हण्याकडे बघायचं सोडलं, कॅमेऱ्यावर रुमाल टाकला, आणि नुसत्या अंदाजाने, जशी डेपोत शेवटच्या फलाटाला बस लावायचा तशी, बोट नीट सरळ उताराला लावली. ट्रेलरची चाकं पाण्याला टेकली तसा तो थांबला. पाय ब्रेकवर. इंजिन चालू. आणि तिथेच त्याची सिस्टिम फसली, कारण थांबल्यावर गाडी बंद करायची असते हे तो साफ विसरला. त्याच्या रक्तात असं थांबणं म्हणजे स्टॉप. स्टॉपवर गाडी बंद करत नाहीत. घंटेची वाट बघतात.

तो घंटेची वाट बघत बसला.

मेव्हण्याने रांगेतल्यांचे चेहरे बघून वेळ वाचवायचं ठरवलं. बोटीला ट्रेलरशी बांधणारे पट्टे त्याने सोडले. पुढचा हूकही सोडला. पुढची दोरी हातात धरून तो ऐटीत उभा राहिला. एवढ्यात त्याचा फोन वाजला.

इकडे बायको शिडी लावून बोटीत चढली होती. बसायला नव्हे. "मी काही त्या तुमच्या टोपल्यात बसायची नाही," असं ती सकाळीच म्हणाली होती. पण गाद्यांवर थंडीभराची धूळ होती आणि एवढ्या लोकांसमोर धुळीच्या गाद्या पाण्यात जाणं तिला सहन होईना. तिने एक गादी उचलली आणि बोटीच्या काठावर आपटली.

धप्. धप्.

डबलबेलचे डोळे पाणावले. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण अशी स्वच्छ, मोकळी, मधे नेमकं अंतर सोडलेली डबल बेल त्याने कधी ऐकली नव्हती. मेव्हणा सुधारला, असं त्याला वाटलं. त्याने ब्रेक सोडला आणि अलगद, पोटातलं पाणी न हलवता, गाडी मागे घेतली.

बोट ट्रेलरवरून अशी उतरली की रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हण्याच्या हातातून दोरी सरकली, कारण त्या हाताने तो फोनवरच्या माणसाला सोफ्याची रुंदी दाखवत होता. बायको गादी कवटाळून बोटीत उभी होती. किनारा आपल्यापासून लांब का जातोय हे तिला पहिल्यांदा कळलंच नाही.

"अहो," ती म्हणाली, अगदी घरातल्यासारखी. "हे काय चाललंय?"

डबलबेलने समाधानाने गाडी बंद केली, किल्ली काढली, आणि बूच त्याच्या नाकासमोर लोंबकळू लागलं.

तो पळत उताराशेजारच्या धक्क्याच्या टोकाला गेला. बोट आता हाकेच्या पलीकडे गेली होती. बायकोचे ओठ हलत होते, आवाज पोचत नव्हता. भोंग्याचे कान मात्र सरावलेले होते.

"काकू म्हणतायत," भोंगा म्हणाला, आणि सगळा तलाव गप्प झाला, "काकू म्हणतायत, तळाला पाणी येतंय."

"तिला सांग, बूच माझ्याकडे आहे."

"काकू, बूच काकांकडे आहे." भोंग्याने कान दिला. "काकू विचारतायत, काकांकडे का आहे?"

"सांग, विसरू नये म्हणून."

"विसरू नये म्हणून, काकू." पुन्हा कान. "काका, काकू जे म्हणाल्या ते मला इथे म्हणता येणार नाही. लहान मुलं आहेत."

"भाऊजी, माझं काय म्हणणं आहे," मेव्हणा मागून म्हणाला, "बुडाली तर माती भरायला अवघड जाईल."

"अरे, तुझी बहीण आहे आत."

"ती तर पोहते. बोट कुठे पोहते?"

भोंग्याने आपली मदतीची बोट सोडायला माणूस धाडला. "काकू, बाकाखाली जॅकेट आहे, घाला. घाबरू नका." मग डबलबेलकडे वळून, तसाच भोंग्यातून, "काका, तुम्हीही घाबरू नका. हातातलं बूच पडेल."

बायकोने जॅकेट घातलं. मग ती खाली वाकली. सकाळी तिने डबा भरून बोटीतच ठेवला होता, त्यात न चिरलेली गाजरंही होती, कारण चिरायला वेळ मिळाला नव्हता. एक गाजर तिने त्या भोकावर लावून बघितलं. ते बारीक निघालं. दुसरं, जरा दांडगं, निवडलं. भाजीच्या गाडीवर निवडतात तसंच, वजन घेऊन. ते भोकात खुपसलं, वर सँडलच्या टाचेने एक ठोका दिला. पाणी थांबलं.

"काकू म्हणतायत, गाजर बसलं."

धक्क्यावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. डबलबेल मात्र मटकन खाली बसला. बायको बुडत नाही एवढं त्याला कळलं. पण आता ती पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही आणि बोटही घरात राहणार नाही, हेही कळलं. मेव्हणा मोजपट्टी उघडून मिटत होता. उघडत होता, मिटत होता.

मदतीची बोट तिच्याजवळ पोचली आणि तशीच परत आली.

"काय झालं?" भोंग्याने विचारलं.

"बाई म्हणाल्या, तुम्ही जा. म्हणाल्या, इथे कोणी बोलत नाही, बरं वाटतंय."

बराच वेळ बोट मधोमध नुसती डोलत राहिली. बायको गादीवर टेकून बसली होती. मग ती उठली, इंजिनापाशी गेली, आणि वाऱ्याने तिचा आवाज धक्क्यापर्यंत आणला. आवाज तिचा, पण ढब हुबेहूब डबलबेलची, बसस्टँडवरची, तोंडात सुपारी असल्यासारखी. "आधी चोक ओढायचा. गिअर मधे. आणि दोरी हळू नाही, झटक्यात. कोंबडीचं पीस."

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. डबलबेलला ते कधी तिसऱ्या-चौथ्याशिवाय जमलं नव्हतं. "हे मला ऐकवायची काय गरज होती," तो पुटपुटला. त्याला कोणी टोमणा मारला नव्हता, इंजिन नुसतं सुरू झालं होतं.

तिने आधी एक चुकार वळण घेतलं, मग एक बरं, आणि मग सबंध तलावाला फेरी मारून धक्क्याला आली. टेकताना बोट जरा आदळली. तिने आदळलेल्या जागेकडे पाहिलं, जणू धक्काच पुढे आला होता.

मेव्हणा हात पुढे करून सज्ज होता. "ये ताई, उतर. घाबरली असशील. माझं काय म्हणणं आहे, आता ही ब्याद मी घेऊनच जातो. ट्रेलर मागे आहेच, लगेच चढवू."

"तू एक काम कर," बायको म्हणाली. "ती गाडी उतारावरून काढ. लोक खोळंबलेत."

"आणि बोट?"

"बोट कुठे जात नाही. तुला फुलं लावायची तर कुंडी आण."

"ताई, तू शब्द दिला होतास. जेवणाच्या आत पाण्यात गेली नाही तर."

"मग गेली की. माझ्यासकट गेली. जेवायचं अजून बाकी आहे, डबा तसाच आहे." तिने डबलबेलकडे पाहिलं. तो बूच दोन्ही हातांत धरून उभा होता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. "तुम्ही या. ते आणा, लावा. मग पुढे बसा. इथे मागे नाही, पुढे."

"अगं, पण चालवायला मी."

"पुढे."

त्याने किल्ली सोडवून मेव्हण्याकडे टाकली, गाजर काढून बूच लावलं आणि पुढे जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हाताशी चाक नव्हतं, पायाशी ब्रेक नव्हता. हात कुठे ठेवायचे कळेना, म्हणून त्याने डबा मांडीवर घेतला. वर उताराशी मेव्हणा गाडी काढत होता आणि भोंगा सगळ्या तलावाला सांगत होता, की आता दुसरे काका बागेत गेले.

बायकोने इंजिनाचा दांडा हातात घेतला. बोट धक्क्यापासून सुटली. थोडं पुढे गेल्यावर डबलबेल मान वळवून म्हणाला, "जरा उजवीकडे घे. तिथे उथळ आहे."

"मघाशी त्याच्यावरून गेले मी. उथळ नाहीये."

"बरं." तो पुन्हा पुढे बघू लागला. जरा वेळाने म्हणाला, "पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी तुम्ही गाद्या झटका," ती म्हणाली, "आणि हळू झटका."