खापराखालचं कडं

"खानदेशात आता कोण आहे तुमचं?" निघताना मुलीने विचारलं. कोणी नाही, हे खरं उत्तर होतं. पण मी म्हणालो, "एका बाईंना भेटायचंय." तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि गोळ्यांचा डबा पिशवीत घातला.

त्या बाईंचं नाव सुमनअक्का. यावलजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या अंगणात पाहिलेली एक वस्तू मी माझ्या नावावर खपवली होती. ते नाव आता दुरुस्त करायचं होतं. सत्तर ओलांडल्यावर हे करू, असं मी साठीत ठरवलं होतं. आता अठ्ठ्याहत्तर झाली.

सकाळी भुसावळला उतरलो. थंडीचे दिवस होते. स्टँडवर जी बस आधी निघत होती तीत चढलो. तापीचा पूल लागला, मग केळी सुरू झाली आणि खिडकी हिरवी झाली. बागांमध्ये ठिबकच्या काळ्या नळ्या होत्या, घडांवर निळ्या पिशव्या होत्या, विहिरींवर सौर पंपांची पॅनेलं सूर्याकडे तोंड करून बसली होती. यातलं काहीही माझ्या वेळी नव्हतं. मी कौतुकाने पाहत राहिलो आणि बस रावेरची आहे हे सावद्याला कळलं.

"आजोबा, पाटी नाही वाचली?" कंडक्टर बाई म्हणाल्या.

"वाचायची राहिली."

"मग विचारायचं तरी. आम्ही काय तोंडात गुळणी धरून बसतो का?"

मागच्या बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. सावद्याला उतरून चहा घेतला, फैजपूरवरून यावलला आलो आणि तिथून रिक्षा केली.

आता ती वस्तू काय होती ते सांगतो. त्या काळी मी पुण्यातल्या एका संस्थेत होतो. गावोगावी निर्धूर चुली बसवणं हे आमचं काम. मातीची चूल, वर भांड्यापुरतं भोक, मागे धुराडं. भांडं भोकावर घट्ट बसलं की धूर धुराड्यातून छपरावर जातो. बायकांचे डोळे वाचतात, लाकूड निम्मं लागतं. चूल चांगली होती. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) यावल भागातल्या चुलींची तोंडं बायकांनी विळ्याने फोडून मोठी केली. का, ते पाहायला मला पाठवलं.

कारण साधं होतं. आखाजी हा इथला लेकींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात आणि घरोघरी मांडे होतात. मांडा म्हणजे हातावर रुमालाएवढी पसरलेली पुरणपोळी. ती तव्यावर मावत नाही. पालथ्या घातलेल्या मोठ्या मातीच्या भांड्यावर, म्हणजे खापरावर, ती भाजतात. आमचं भोक पातेल्याच्या मापाचं होतं. खापराखाली जाळ मध्येच लागायचा. मांडा मध्ये करपायचा आणि कडेला कच्चा राहायचा. चूल आखताना आम्ही वर्षाचे सगळे दिवस धरले होते, फक्त आखाजी धरली नव्हती.

सुमनअक्कांच्या घरची चूल मात्र शाबूत होती. अंगणात एक मातीचं कडं वाळत पडलं होतं, परातीएवढं रुंद, एका अंगाला गोल फिरत गेलेली बोटभर खोल खाच. हे भोकावर ठेवलं की वर खापर बसतं, असं अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, "घरीच केलं?" त्या म्हणाल्या, "हो, घरीच केलं." मी वहीत चित्र काढलं, पुण्याला येऊन ते साफ केलं. छापील पत्रक निघालं, तेव्हा खाली उजवीकडे माझं नाव होतं. मी ते टाका म्हणालो नव्हतो. काढा, असंही म्हणालो नाही.

अक्कांचं घर आता पक्कं झालं आहे. त्या दारातच खाटेवर बसल्या होत्या, केस पांढरेशुभ्र. मी ओळख सांगितली.

"चुलीवाले सायेब! लय वर्सानं रस्ता सापडला, बाप्पा."

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी (उडीद आणि ज्वारीची) होती. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात. मी दोन घास खाल्ले आणि सगळं सांगून टाकलं. पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणालो, संस्था अजून आहे, मी त्यांना लिहिणार आहे, या जागी तुमचं नाव येईल.

अक्का पत्रकाकडे पाहतच होत्या. मग सुनेकडे वळून हसायला लागल्या.

"अवं सायेब, ते कडं मी काहून करीन? मले तं चुलीले पोतेरं द्याचा बी कंटाया. ते मह्या नंदेनं केलं, वत्सीनं. आखाजीले माहेरी आलती. एका दुपारी केलं अन् तुम्ही यायच्या दिशी सकाळच्या गाडीनं सासरी गेली."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"तुम्ही ईचारलं, घरीच केलं का? घरीच केलं. कोनं केलं, हे कुठी ईचारलं?"

सून तोंडाला पदर लावून हसत होती. चाळीस वर्षं मी जिची क्षमा मागायची तालीम केली, ती बाईच चुकीची निघाली. अक्कांनी फोन लावला, जोरजोरात बोलल्या आणि मला सांगितलं, "शिरपूरच्या अलीकडे उतरा. वत्सी घरीच हाय. अन् सायेब, जपून. ती मह्यासारखी गोड नाही."

दुसऱ्या दिवशी यावलहून चोपड्याला आणि तिथून शिरपूरच्या बसमध्ये बसलो. उजव्या हाताला सातपुडा सोबत येत होता. केळी विरळ झाली, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या दिसू लागल्या. या रस्त्याने मी तरुणपणी संस्थेच्या जीपमधून किती वेळा गेलो असेन. तेव्हा प्रत्येक गावात कोणीतरी हात करायचं. आता कोणी करणार नाही हे माहीत असूनही मी खिडकीकडचं बाक सोडलं नाही.

बायको आठवली. पत्रक पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तिने विचारलं होतं, "हे तुम्हाला सुचलं?" मी "हं" म्हणालो. तेवढंच. पुढे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायची. स्वयंपाकात फारसं न रमलेल्या माणसाला बायकांच्या धुराची काळजी वाटली, याचा तिला अभिमान होता. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्या हयातीत सांगितलं असतं तर ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती आणि मग तिनेच माझी पिशवी भरली असती. त्या दोन दिवसांच्या अबोल्यासाठी आज मी काहीही दिलं असतं.

शिरपूरच्या अलीकडे फाट्यावर उतरलो, चालताना चपलेचा अंगठा तुटला आणि फरफटत वत्सलाबाईंच्या दारी पोचलो. पासष्टीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. इतकी वर्षं सासरी राहून त्यांची बोली पूर्ण इकडची झाली होती.

"या, बठा. वैनीना फोन उना व्हता. चाळीस वरीसमा आते याद उनी का?" त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "आनि तेबी एक पायवर."

मी हसून आत गेलो आणि थबकलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं होतं. पिवळं पडलेलं आणि उलटं. माझं नाव डावीकडे वर, डोक्यावर उभं. त्यांना वाचता येत नसेल असं मला वाटलं. मी हलकेच म्हणालो, "बाई, हे उलटं लागलंय."

"कागद सुलटा शे," त्या म्हणाल्या. "चित्र तुमीन उलटं काढेल शे."

मला कळेना. त्यांनी मला चुलीजवळ नेलं. चुलीवर कडं होतं, खाच वरच्या बाजूला. "हाई खाच कसाले शे? हेमा राख भरतस. राखमा खापरनी कड बठस. मंग धूर बाहेर येवाले जागाच नही, धुराडामाच जास." (ही खाच कशासाठी? हिच्यात राख भरायची, राखेत खापराची कड बसते, मग धुराला धुराड्याशिवाय वाट नाही.)

माझ्या चित्रात खाच खाली होती. मी कडं पाहिलं तेव्हा ते अंगणात पालथं वाळत होतं, खाचेत कचरा पडू नये म्हणून. मी ते उचललं, पाहिलं, खाच चुलीच्या काठावर बसवण्यासाठी असेल असा तर्क केला आणि तसंच्या तसं काढलं. चूल पेटवून पाहिली नाही. सण संपला होता, खापरं माळ्यावर गेली होती आणि मला परतीची गाडी होती.

"गटमा एक पोरगी उनी व्हती शिकाडाले," वत्सलाबाई सांगत होत्या. गट म्हणजे त्यांचा बचत गट. "हाऊच कागद लईसन. माले म्हने, मावशी, तुम्ही चुकीचं लावता. मनं कडं, आनि मालेच शिकाडे!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनसू? तिना कागद मांग्या नि भितडावर लाई टाका. सुलटा."

मी खाली बसलो. ते पत्रक किती गावांत गेलं होतं! संस्थेत नेपाळहून आलेल्या एका पाहुणीने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलेलं मी स्वतः पाहिलं होतं. सणाच्या दिवशी, घर लेकींनी भरलेलं असताना, त्या सगळ्या स्वयंपाकघरांत खापराच्या कडेने धूर येत राहिला असेल, आणि बायकांना वाटलं असेल, आपल्यालाच नीट बसवता येत नाही.

मी माफी मागितली. नीट, हात जोडून.

"मनाकडे कसाले मांगतस?" त्या म्हणाल्या. "मना घरमा धूर नही. ज्या बायासना डोयामा गया, त्यासले मांगा." मग त्यांनी विचारलं, "नाव टाकनार व्हतात ना मनं?"

"हो. तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसाले? मनं शे ते. टाका. पन पहिले चित्र सुलटं करा. उलटा चित्रखाले मनं नाव नको."

मग त्यांनी सुनेला पुरण टाकायला सांगितलं. सण नव्हता, तरी. मी वही काढली आणि चुलीसमोर पाटावर बसलो. पहिलं चित्र त्यांनी नापास केलं, खाच उथळ होती. दुसऱ्यात राख दाखवायची राहिली. "राख नही ते कडं काय कामनं?" तिसऱ्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हा समजलो की जमलं. त्याखाली त्यांनी स्वतः पेन घेऊन, एकेक अक्षर उभं करत, आपलं नाव लिहिलं.

खापर चढलं. जाळ आत घुमत होता. वत्सलाबाईंनी कणकेचा पुरणभरला गोळा हातावर घेतला. या हातावरून त्या हातावर तो वाढत गेला, कोपरापर्यंत आला आणि अलगद खापरावर उतरला. कडेपासून कडेपर्यंत सारखा रंग धरला. घरात फक्त पुरणाचा आणि तापल्या मातीचा वास. ज्या वस्तूवर माझं नाव चाळीस वर्षं होतं, ती चालताना मी पहिल्यांदा पाहत होतो. माझे डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त सांगायची सोय नव्हती.

"खा," त्या म्हणाल्या. "आयतं खावानी सवय शेच तुमले." सून दचकली. मी मांडा तुपात बुडवून खाल्ला. इतका मऊ मांडा नि इतकं खरं बोलणं एका पानात मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

निघताना त्यांनी तुटक्या अंगठ्याला सुतळी बांधून दिली. धुळ्यापर्यंत बसमध्ये उभ्याने आलो, तिथून पुण्याची गाडी मिळाली. सातपुडा मागे कुठे सुटला ते कळलंच नाही. मला त्यांच्याकडून "असू द्या" एवढं ऐकायचं होतं. त्या ते म्हणाल्या नाहीत. ज्यांनी म्हणावं त्या बायका कुठे कुठे आहेत, हे मला माहीत नाही आणि आता शोधायचं बळही नाही. तरी घरी आल्यापासून एखाद्या अनोळखी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं, "बाई, हे जरा उलटवून पाहता का?" असं विचारावं, असं सारखं वाटतं.

संस्थेला नवं चित्र आणि सगळी हकीकत पाठवली. उत्तर सौजन्याचं आलं: ते पत्रक आता छापत नाहीत, चुलींचा विभागही राहिला नाही, तुमच्या योगदानाबद्दल आदर आहे. म्हणजे माझं नाव खोडायला जागाच उरलेली नाही. म्हणून इथे लिहितो. कोणाच्या घरी तसं कडं असेल तर त्यांनी खाच वर करावी, तीत चाळलेली राख भरावी आणि मग खापर ठेवावं. हे कडं वत्सलाबाईंनी केलं, माहेरपणाच्या एका दुपारी. मी ते फक्त पाहिलं, आणि तेही नीट पाहिलं नाही.