वरच्या मजल्याचा मीटर

नानासो फडतरे सैन्यात होते, आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी फाटकावर काढली. कोण आत येतो, कोण बाहेर जातो, कुणाच्या पिशवीत काय आहे, हे बघायचं. निवृत्त होऊन सांगलीत दुमजली घर बांधलं तरी ती नजर उतरली नाही. दूधवाला नवा आला, तर त्यानं गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय पातेलं पुढं होत नसे. बायको तानुबाई आतून म्हणायची, "आवं, दूध घ्या. हेर न्हाई त्यो."

अशा माणसाच्या वरच्या मजल्यावर धैर्यशील देशमुख नावाचा भाडेकरू आला, आणि आलाच नाही.

म्हणजे करार झाला, पोलीस ठाण्यात नोंद झाली, टेम्पोतून सोफा, पलंग, कपाट वर चढलं. पोरगा आटपाडीचा, तिशी ओलांडलेला, डाळिंबाची बाग असलेला, बोलायला मऊ. कुलूप लावून गेला तो गेलाच. भाडं मात्र महिना उजाडला की मोबाइलवर येऊन पडे. वर ना नळ वाजे, ना कुकरची शिट्टी. घंटागाडीत वरचा कचरा कधी गेला नाही. जिन्याखाली दोन्ही मजल्यांचे विजेचे मीटर शेजारी शेजारी होते. नानासोंच्या मीटरवरचा लाल ठिपका दिवसभर लुकलुकायचा, वरच्याचा गप्प. नानासो रोज सकाळी चहाच्या आधी तिथं जाऊन उभे राहायचे.

राहत नाही, मग पैसे कशाचे देतो? वर नोटांच्या थप्प्या असतील? चोरीचा माल असेल? फोन केला की पोरगा म्हणायचा, येतो की काका, बागेत फवारणी चाललीय. आणि खरंच, मधूनच एखाद्या रविवारी तो यायचा. खिडक्या उघडायचा, झाडून घ्यायचा. मग गाडीतून इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं उतरायची, वर जाऊन चहा घ्यायची, गॅलरीत उभी राहून आजूबाजूला बघायची आणि जायची. तेवढ्यापुरता वरचा ठिपका लुकलुकायचा. दर वेळी माणसं वेगळी. नानासोंची तर खात्रीच पटली, की वर कसला तरी व्यवहार चालतो. दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती, पण घर भाड्यानं दिलं म्हणजे दिलं, चोरून उघडायचं नाही, हा त्यांचा कायदा. झोप मात्र उडाली होती. उद्या वर काही सापडलं तर पेपरात पहिलं नाव घरमालकाचं येणार.

एक दिवस कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की एक माणूस तुमच्या वरच्याची चौकशी करत फिरतोय. पितो का, उधारी आहे का, कुणाकुणाची ऊठबस आहे, सगळं विचारतोय. साध्या वेशातला पोलीस, दुसरं कोण? घरी येऊन त्यांनी भाडेकराराची फाईल काढली आणि स्वच्छ सदरा घालून व्हरांड्यात बसले.

माणूस आलाच. पन्नाशीचा, बारीक मिशीचा. कोरेगावचा उदयसिंह जगदाळे, असं नाव सांगितलं. पाणी घेतलं आणि धैर्यशील कधी येतो, कधी जातो, मित्र कसले आहेत, असं एकेक विचारायला लागला. नानासो मोजून मापून उत्तरं देत होते. मग त्यानं घरावरून नजर फिरवली.

"घर चांगलं बांधलंय देशमुखांनी. तुम्ही त्यांच्याकडं भाड्यानं किती वर्षं आहात?"

नानासोंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा फाईल मांडीवरून घसरली. स्वतःच्या पेन्शनीतून उभ्या केलेल्या घरात त्यांना कुणीतरी भाडेकरू ठरवलं होतं.

ते तडकून बोलणार, तेवढ्यात उदयसिंहच पुढं म्हणाला, की त्याच्या मुलीला, साक्षीला, हे स्थळ आलंय. बागायतदार मुलगा, सांगलीत स्वतःचं दुमजली घर. त्याला बघायला जायच्या आधी शेजारीपाजारी विचारून घ्यावं म्हणून तो आला होता.

नानासोंना रविवारची ती सगळी माणसं आठवली. इस्त्रीचे कपडे, गॅलरीतलं ते बघणं. खेड्यातल्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून त्यानं शहरात घर दाखवायला ठेवलं होतं. आता आपल्या तोंडून एक वाक्य गेलं की पोराचं लग्न मोडलं, आणि गिळलं तर परक्या पोरीच्या गळ्यात खोटं बांधलं. फाटकावर असा माणूस कधी समोर आला नव्हता. त्यांनी वाकून घसरलेली फाईल उचलली.

दारातून तानुबाई बोलली. "माझ्या वडलांनी यांच्या गावी, औंधात, यांची चौकशी केली, तवा आठ एकर बागायत सांगितली हुती. निगाली दोन, ती बी मुरमाड. पर तवर अक्षता पडल्या हुत्या." ती उंबऱ्याबाहेर आली. "तुमच्या पोरीच्या अजून पडल्या न्हाईत. घर आमचं हाय, भाऊ. त्यो भाडं देतो. ऱ्हातो आटपाडीत, बागंत."

उदयसिंहनं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, वर बघता येईल का?

नानासोंनी धैर्यशीलला फोन करून, मजला दाखवतोय एवढंच सांगितलं आणि उत्तराची वाट न बघता पहिल्यांदाच वरची किल्ली घेतली. आत सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच. उशीला डोकं टेकल्याची खूण नाही. उदयसिंहनं कपाट उघडून बघितलं, रिकामं. नानासो पलंगाखाली वाकून आले. दोघांना जे हवं होतं ते कुणालाच सापडलं नाही. उदयसिंह नमस्कार करून गेला.

चार दिवसांनी धैर्यशील आला. नानासोंनी कोपऱ्यातली काठी काढून गुडघ्यावर आडवी घेतली. पोरगं भांडायला आलं असणार.

धैर्यशीलनं किल्ली पुढं ठेवली. "काका, तुमी दोघांनी खरं सांगितलंसा. घर माझं हाय असं मी कवाच म्हनलो न्हवतो. स्थळं बघनाऱ्या माझ्या मामानं म्हनलं, आन मी गप बसलो."

"मग, मोडलं का?" तानुबाईनं विचारलं.

"त्यांचा फोन आला. ऐतवारी बाप-लेक बाग बघाय येनार हायती."

"मग तिथं काय दाखवणार?"

"हाय ते, काकू."

दुपारी टेम्पोत सोफा चढला, कपाट चढलं, आणि शेवटी पलंग उचलला. नानासो जिन्यात उभे राहून बघत होते. पलंग दारातून बाहेर पडल्यावर ते आत गेले आणि जिथं तो होता तिथली फरशी त्यांनी काठीनं दोन-तीन ठिकाणी ठोकून बघितली.