अक्का नावेत बसली की

हाळी अक्काचा आवाज दोन जिल्ह्यांत ऐकू जायचा. ही अतिशयोक्ती नाही, भूगोल आहे. आमचं बेट तापीच्या पात्रात. एका काठाला जळगाव जिल्हा, दुसऱ्या काठाला धुळे. पूर्वी उन्हाळ्यात वाळूतून चालत कुठल्याही जिल्ह्यात जाता यायचं. मग खाली बंधारा झाला, पाणी बाराही महिने तुंबलं आणि आमची चाळीस घरांची वस्ती बसल्या जागी बेट झाली. शासनाकडून अर्ज न करता मिळालेली ही एकच गोष्ट. पुढचं सगळं मागायला जळगावला गेलं की साहेब म्हणत, तुम्ही धुळ्यात येता. धुळ्याला गेलं की म्हणत, छे हो, तुम्ही जळगावचे. दोन्ही साहेब फार मनमिळाऊ. आम्हांला एकमेकांना देऊन टाकण्यात दोघांनीही कधी कंजुषी केली नाही.

अशा वस्तीला रस्ता नाही, दवाखाना नाही, पोस्ट नाही. होती ती अक्का. नाव बांधायच्या जागी एक काळा खडक आहे, त्याच्यावर उभी राहून ती दोन्ही हात तोंडाशी धरायची आणि हाळी द्यायची. पल्याडच्या थडीला, म्हणजे धुळ्याकडच्या काठाला, शेठजींचं किराणा दुकान. मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्यांपासून इथे. अक्काने गूळ मागितला की ते गूळ बांधून नावेत ठेवत आणि चहाच्या पुडीबद्दल शंका असली तर ओट्यावर येऊन उलट ओरडत. त्यांचा आवाज बेतास बात, त्यामुळे अक्का त्यांना दटावायची, "शेठजी, जेवतस का नही?"

गुपित नावाचा प्रकार बेटावर नव्हता. कोणाला जुलाब झाले, कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाला कुठल्या मापाची बनियन हवी, हे सगळं नदीवरून जाहीर व्हायचं. माझ्या दहावीच्या निकालाचंच घ्या. तो पल्याड शेठजींना कळला. त्यांनी आपल्या बेताच्या आवाजात, शक्य तितक्या सभ्यपणे कळवला. अक्काने खडकावरूनच वस्तीकडे तोंड फिरवलं आणि प्रसारित केला, "गणितमा गया व पोऱ्या! बाकी बठ्ठामा पास शे!" मी घरात शिरलो तेव्हा आईने माझ्यासाठी भाकरी वाढून ठेवली होती आणि शेजारच्या चार बाया गणित हा विषय मुळातच कसा वाईट असतो यावर बोलत होत्या.

पुढे मी त्या गणितातून सुटलो, धुळ्याला एका सरकारी कार्यालयात चिकटलो आणि लग्नाचा झालो. मुलीकडचे पल्याड थडीवर येऊन थांबले होते, जावं की जाऊ नये अशा विचारात. बेट बघून भले भले विचारात पडत. अक्काने शेठजींना हाळी दिली, "सांगा त्या पाव्हनास्ले, पोऱ्या काया शे, पन नोकरी सरकारी शे! येवानं व्हई ते या!" पाहुणे आले. माझी बायको आजही म्हणते की तिच्या वडिलांची फसवणूक झाली असं तिला म्हणता येत नाही, कारण माल आधीच ओरडून सांगितला होता.

एक गोष्ट मात्र अक्का कधी ओरडून सांगत नसे. मरण.

बेटावर कोणी गेलं की ती खडकावर चढायची नाही. धुतलेलं लुगडं नेसायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि मुकाट नावेत जाऊन बसायची. नाव पल्याड लागायच्या आत थडीवरच्या माणसांना कळायचं. बाकी कुठल्याही कामासाठी ती नदी ओलांडत नसे, ना बाजाराला ना लग्नाला, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. ती चालत ज्या दारापुढे उभी राहील, त्या घराचं माणूस गेलेलं. तिला तोंड उघडावंच लागत नसे. तिला बघून आतून हंबरडा यायचा. मी एकदा विचारलं, "अक्का, हे तेवढं का ओरडत नाहीस?" तर म्हणाली, "मरन काय बोंबलीसन सांगानी गोट शे का?" माझ्या जुलाबांची जाहीर वाच्यता करणाऱ्या बाईची ही नाजूक मनोवृत्ती.

या नियमाने एकदा मोठी धमाल उडवली. पल्याड शाळेत डोळे तपासायचं शिबिर होतं. अक्काच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. आम्ही सगळ्यांनी मागे लागून तिला नावेत बसवलं. नाव अजून मध्यावर होती तेवढ्यात थडीवर बायांची धावपळ झाली. ज्यांची ज्यांची माहेरं बेटावर होती त्या सगळ्या काठावर येऊन रडायला लागल्या. एकीने तर ठरवूनच टाकलं की आपला बाप गेला आणि जमिनीवर लोळण घेतली. तिचा बाप तेव्हा अल्याड टरबुजाला पाणी देत होता आणि पल्याड एवढी गर्दी कशाची म्हणून डोळ्यांवर हात धरून बघत होता. शेठजींनी रिवाजाप्रमाणे दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. अक्का थडीवर उतरलीच नाही. नाव फिरवून परत आली आणि म्हणाली, "डोया गया तरी चाली, पन आते त्या थडीवर पाय ठेवाव नही." डोळा खरंच गेला. आम्ही तो किस्सा पुढची दहा वर्षं हसत सांगितला.

मग टॉवर आला. साक्षात शासनाला जे जमलं नाही ते कंपनीने केलं. बेटावर रस्त्याआधी मोबाईल पोचला. शेठजींचा नातू आता मेसेजवर ऑर्डर घेतो. अक्का निवृत्त झाली, निरोपसमारंभ वगैरे न होता. तोवर वस्तीही अकरा घरांची उरली होती. दिवसभर ती आमच्या ओट्यावर माझ्या आईशेजारी बसायची आणि फोनला नावं ठेवायची. "फोनमा मानूस खोटं बोलस. हाळी दिसन खोटं बोलता येत नही, दम पुरत नही."

हा टोमणा कोणाला, ते मला चांगलं ठाऊक होतं. आई थकत चालली होती. तिला मी धुळ्याला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोनदा आणलं. दोन्ही वेळा तिने खिडकीतून खाली बघितलं आणि चौथ्या दिवशी परत निघाली. मग मी दर रविवारी फोन करू लागलो. आई दर रविवारी एकच विचारायची, "कव्हय येस रे?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. माझी कारणं उत्तम प्रतीची असत. मार्चमध्ये मार्चअखेर. एप्रिलमध्ये तपासणी. मग मुलीची परीक्षा, मग पाऊस, मग निवडणुकीची ड्यूटी. दिवाळीला मी साडी पाठवली, नावाड्याच्या हाती. वर्ष गेलं. मधूनच आई फोनवर मला माझ्या मेलेल्या मामाच्या नावाने हाक मारू लागली. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढं सोपं असतं ते, फोनवर.

एका मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. बेल वाजली. दार उघडलं तर अक्का.

धुतलेलं लुगडं. डोक्यावरून पदर. पायांत कधी नव्हे त्या चपला, त्याही कोणाच्यातरी, दोन बोटं मोठ्या. तोंडाने एक अक्षर नाही.

मी तिथेच उंबऱ्यात बसलो आणि मोठ्याने, शेजारच्या ब्लॉकची दारं उघडतील एवढ्या मोठ्याने रडायला लागलो. बायको धावत आली, अक्काला बघून तीही रडायला लागली. कोणाला तरी फोन लावायचा म्हणून ती फोन शोधत होती आणि तो तिच्याच हातात होता. मी आईला हाका मारत होतो. माफी मागत होतो. काय काय बोललो ते मला आठवत नाही, शेजाऱ्यांना आठवतं.

अक्काने मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "व्हयनं का? आते ऊठ. तुन्ही माय जित्ती शे."

मला आधी कळेचना. मग असा संताप आला की काय सांगू. "अक्का, ही काय थट्टा झाली? मला वाटलं..."

"मी काही बोलनू का? मी ते फक्त दारमा उभी ऱ्हायनू." एक चांगला डोळा तिने माझ्यावर रोखला. "फोनवर तू उना नही, म्हनीसन मी उनू. मरनावर बसमा धावत येवाव व्हता ना? मंग जित्तीपनीच चाल. अजून ती तुले वळखस."

पंच्याहत्तरी उलटलेली ती बाई, नाव, मग काळीपिवळी, मग सोनगीरवरून एस.टी., आणि धुळ्यात पत्त्याची चिठ्ठी दाखवत दाखवत आली होती. थडीवर तिला बघून शेठजींनी शटर ओढलं, तर तिने म्हणे ऐकवलं, "उघडा शेठजी, कोनी मरेल नही. अजून." आयुष्यभर पाळलेला नियम तिने माझ्यासारख्या माणसासाठी मोडला, याबद्दल मी तिचे आभार मानले नाहीत. मी तणतणत बॅग भरली. साहेबांना फोन करून रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा पहिल्यांदाच खरं सांगावं लागलं आणि ते फारच लंगडं वाटलं: आईला भेटायचंय. अर्ध्या तासात आम्ही स्टँडवर होतो.

आईने मला ओळखलं. "वाळी गया रे," एवढंच म्हणाली. पंधरा किलो वाढलेल्या मुलाला वाळलेला म्हणणारी जगात एकच बाई असते. मी दोन दिवसांसाठी गेलो होतो. एकोणीस दिवस राहिलो. तिला न्हाऊ घातलं, भरवलं, मामाच्या नावाने हाक मारली तेव्हा मामा होऊन ओ दिली. अक्का ओट्यावरून सगळ्यांना सांगे, "देखा, सरकारी मानूस काम करी ऱ्हायना!" विसाव्या दिवशी सकाळी आई गेली. माझा हात तिच्या हातात होता. एवढं सुख माझ्या वाट्याला यायचं काही कारण नव्हतं. ते अक्काने ओढून आणलं होतं.

पल्याड मावशीला, आईच्या धाकट्या बहिणीला, कळवायला हवं होतं. मी अक्काकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली; धुळ्याच्या त्या फेरीपासून तिचे पाय सुजलेलेच होते. "मन्हा पाय धुयाले जाईसनच गयात. तू जाय. फोन नको करू."

मी गेलो. थडीवर मला बघून शेठजींचा नातू हसला. "काका, बऱ्याच दिवसांनी!" मावशीच्या दारात मी उभा राहिलो तशी ती हातातलं सूप टाकून उठली, माझ्या गालांवरून हात फिरवले. "अरे वा, शेवटी सवड मिळाली का मावशीकडे यायला? ताई बरी आहे ना?" आणि माझं उत्तर न ऐकताच आत वळली. अक्का आलेली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे त्या थडीवर सगळ्यांनाच पक्कं ठाऊक. मावशीने आलं ठेचलं, दूध घातलं, चहा केला. मी शब्द शोधत होतो. ते सापडेनात म्हणून मी तो चहा पिऊन टाकला, बशीसकट संपवला. मग सांगितलं. तिच्या चेहऱ्याचं जे झालं ते मी इथे लिहिणार नाही.

मावशी आणि तिची माणसं मागून दुसऱ्या नावेने येणार होती. मी एकटा परतलो. अक्का खडकाला टेकून बसली होती.

"सांगं?"

"सांगितलं." मग राहवलं नाही. "अक्का, तिने मला आधी चहा दिला. आणि मी प्यायलो गं."

मला वाटलं आता शिव्या पडणार. पाण्याकडे बघतच तिने विचारलं, "कसा करस रे तुन्ही मावशी चहा? बठ्ठा म्हनतस, तिन्हा हातना चहा भलताच भारी ऱ्हास."

मावशीच्या सासऱ्याच्या वेळी, जावेच्या वेळी, त्या थडीवरच्या कितीतरी दारांत ही बाई उभी राहिली होती. तिला बघून रडू फुटायचं. ये म्हणून, बस म्हणून कोण म्हणणार? चाळीस वर्षांत नदीपलीकडे तिला एक कप चहा कोणी दिला नव्हता. धुळ्याला माझ्या घरीही नाही. आम्ही तिला उंबऱ्यातूनच परत फिरवून स्टँडवर आणलं होतं.

"गोड करते," मी म्हटलं. "आलं घालून."

तिला हाताला धरून घरी न्यावं, पाटावर बसवावं आणि माझ्या हाताने चहा करून द्यावा, असं फार वाटलं. पण आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नव्हती.