सतरावा अंक

त्या वर्षी एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझा धाकटा भाऊ भोरला माझ्या दारात यायचा आणि उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला चित्रकथेचा एक अंक पुढे करायचा. मी माझ्याकडचा एक द्यायचे. तो अंकाचा नंबर बघायचा, मान हलवायचा आणि जिना उतरायचा. चहाला बोलावलं तर "चा घिऊन आलोय" म्हणायचा. ते खोटं असायचं. दहा महिने आम्ही एकमेकांशी याहून जास्त बोललो नव्हतो.

दोघांच्या वयांची बेरीज शंभराच्या घरात गेली तरी आम्ही चित्रकथा वाचायचो, याचं शेजारणीला फार हसू यायचं. तिला मी कधी समजावत बसले नाही. पण इथं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आम्ही वेल्ह्याकडच्या, विंझरच्या बाजूचे. लहानपणी वडील महिन्यातून एकदा नसरापूरला कामासाठी जायचे आणि येताना एक अंक आणायचे. तराफ्यावर बसून नदीनदीनं हिंडणाऱ्या एका वैद्याची ती गोष्ट होती. प्रत्येक अंक ऐन मोक्याला संपायचा. दोर तुटायचा, तराफा धबधब्याच्या तोंडाशी यायचा आणि खाली 'क्रमशः'. पहिल्याच अंकावरून आमची अशी झोंबाझोंबी झाली, की तो मधोमध फाटला. वडिलांनी तो खळ लावून चिकटवला आणि निकाल दिला. एका महिन्याचा अंक हिचा, पुढच्या महिन्याचा ह्याचा. मी थोरली म्हणून पहिला माझा. असे साठ अंक झाले. विषम माझे, सम त्याचे. लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा माझे तीस ट्रंकेत घालून आणले. भांडी विसरले, अंक विसरले नाही.

त्यामुळे झालं असं, की दोघांपैकी कुणालाच गोष्ट एकट्यानं वाचता येईना. माझ्याकडे तराफा बुडायचा आणि वाचायचा त्याच्याकडे. मग तो भोरला येऊ लागला. एक देऊन एक न्यायचा. साठ संपले की पुन्हा एकपासून. त्याची बाकीची सगळी कामं नसरापुरात नाहीतर वेल्ह्याला व्हायची, भोरला त्याचं दुसरं काहीही नव्हतं. पण "तुला बघायला आलो" असं म्हणणं आमच्या घरात कुणाच्या जिभेला वळणच नाही. अंक बदलायला आलो, असं म्हणता येतं.

अंक सांभाळण्यावरून आमचं कधीच पटलं नाही. मला सगळं एका जागी, एका पाठीत शिवलेलं आवडतं. कपाटात रांगेनं उभं राहावं, हात घातला की सापडावं. भोरमध्ये दप्तरं शिवणारा एक बाइंडर होता, त्याच्याकडे मी माझे तीस घेऊन गेलेही होते. त्यानं चाळून पाहिले आणि म्हणाला, "बाई, एकाआड एक गायब आहेत. हे शिवून काय करणार?" मी अंक पिशवीत भरून परत आले. भावाला सुटे अंकच प्रिय. अंक खिशात मावतो, बांधावर बसून वाचता येतो, पालथं पडून वाचता येतो. जाड पुस्तक मांडीवर घेऊन बसावं लागतं पोथीसारखं, आणि मधलं चित्र शिवणीत जातं, हा त्याचा मुद्दा. वेल्ह्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना घाम. तो आपले तीस माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचा आणि दिवाळीत अंगणात खाटेवर ऊन दाखवायचा. तरी पिना गंजायच्या, पानांवर तांबूस डाग पडायचे. मी नाक मुरडायचे. तो म्हणायचा, "मानसाच्या बी अंगावर डाग पडत्यात, आक्का."

वडील गेले आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तो हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आला. बहिणीनं माहेरच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं, असा तो कागद. आमच्याकडे बहुतेक बहिणी सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. त्यानं कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन शेजारी ठेवलं. सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुली मारून आणली होती. मला जमीन हवी होती का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मला राग आला तो त्या फुलीचा. मी म्हटलं, "ठेव. वाचून सांगते."

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "वाचायला काय हाय त्यात?" आणि उठला. त्या दिवसापासून उंबरा.

कागद मी कपाटात ठेवून दिला. तो विचारत नव्हता, मी सांगत नव्हते. शनिवार आला की मी सकाळपासून घड्याळाकडे बघायचे, आणि तो आला की छातीतलं ओझं उतरायचं. रागात होते तरी उतरायचं. एकदा पावसानं गाडी अडकली म्हणून त्याला दीड वाजला. तोवर मी तीनदा खाली जाऊन आले होते. आला तेव्हा मात्र तोंड फिरवून अंक घेतला. माझा स्वभावच तसा, नाकावर राग.

अशात पुण्याला एका पुस्तक प्रदर्शनात मला ती दिसली. आमची वैद्याची गोष्ट, साठही अंक एकत्र, तीन जाडजूड खंड. चकचकीत कव्हर, पुठ्ठ्याची बांधणी, पानं पांढरीशुभ्र. मला भरून आलं. मी तिथंच ठरवलं, हे भावाला द्यायचं. बिचाऱ्याची हेलपाट्यातून सुटका होईल, डाग नाहीत, गंज नाही, आणि इतकी मोठी भेट बघून तो विरघळेल. खरं सांगायचं तर मला उदार दिसायचं होतं. जिनं अजून सही केली नाही तिचं मन किती मोठं आहे, हे त्याला कळायला हवं होतं.

मी स्वतः गावी गेले. नसरापूरला उतरून विंझरकडची गाडी धरली, मांडीवर तिन्ही खंड. वहिनीनं पाणी दिलं. भाऊ गिरणीतून आला तसाच, भुवयांवर पीठ. त्यानं पहिला खंड उघडला. एक पान, दोन पानं. मग शेवटचा खंड उलटून पार शेवटचं पान पाहिलं. चेहरा पडत गेला. मला वाटलं, गहिवरला.

"समदं हाय ह्यात?" त्यानं विचारलं.

"साठच्या साठ. आता तुला भोरपर्यंत यायला नको."

तो उठला, माळ्यावर चढला आणि पत्र्याची पेटी खाली घेऊन आला. त्याचे तीस अंक माझ्यापुढे ठेवले. "हे घिऊन जा. तुजं बी पुरं हुईल."

"अरे, मी मागायला नाही आले."

"म्हाईत हाय. तरी ने."

आवाज वर नव्हता. तेच वाईट होतं. वहिनी भिंतीशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. चहाचं आधण चुलीवर उकळून आटत आलं तरी कुणी हललं नाही.

परतीच्या गाडीत, पेटी पायांत घेऊन बसले असताना, मला उमगलं. आमच्या आजोबांची आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली तेव्हा भांडीकुंडी सगळी सारखी वाटली, पण तांब्याचं एक मोठं पातेलं मुद्दाम कुणालाच दिलं नाही. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं दुसऱ्याकडून मागून न्यायचं. आमच्याकडे जुनी माणसं अशीच वाटणी करायची. एक वस्तू सामाईक ठेवायची, म्हणजे जाणंयेणं राहतं. ज्याला कायमचं तोडायचं असतं तो समोरच्याचा संसार पुरा करून देतो, की बाबा, पुन्हा माझ्या दाराशी काही मागायला येऊ नकोस. मी हे लहानपणापासून ऐकलेली बाई. आणि मीच जाऊन त्याला तीन खंड पुरे करून दिले होते, वर तोंडानं सांगितलंही होतं, आता यायला नको. सहीचं नाव नाही आणि हातात ही भेट. त्यानं दुसरं काय समजायचं? करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी गाडीत तोंडाला पदर लावून रडले.

त्याच्या पाळीच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझ्याकडे आता साठ अंक होते, एकपासून साठपर्यंत, ओळीनं. आयुष्यभर जे हवं होतं ते. एका दुपारी वाचायला बसले. तराफा धबधब्याशी आला, मी पुढचा अंक उचलला, वैद्य वाचला. पुन्हा अडकला, पुन्हा उचलला, पुन्हा वाचला. चौथ्या अंकाला मी ते बाजूला सारले. फोन करावा तर काय बोलावं? माफी मागावी तर कशाची, पुस्तक दिलं त्याची? आणि आधी त्यानंच का विचारू नये? असं करत दोन महिने गेले. शनिवारी अकरा वाजले की मी उगाच घर झाडायला घ्यायचे.

मग एका गुरुवारी त्याचा फोन आला. नाव दिसलं आणि मी हातातलं काम टाकून फोन उचलला. कुणाचं बरंवाईट झालं की काय, हाच पहिला विचार.

"त्या पुस्तकात सतरावा न्हाई," तो म्हणाला.

"काय नाही?"

"सतरावा अंक. सोळा संपतो आन् थेट अठरा लागतो." आणि ठेवला.

मला छापणाऱ्याचा असा संताप आला म्हणून सांगू. इतकी मोठी भेट आणि तीही लंगडी. मी लगेच पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं. तो बापडा म्हणाला, "बाई, खंड घेऊन या, बघून लगेच बदलून देतो." छान. शनिवारी सकाळीच निघाले. ताडून बघायला माझा सतरावा अंक पिशवीत टाकला. खंड घ्यायचा, पुण्याला न्यायचा, धड असलेला घेऊन यायचा. कसं सगळं सरळ करून टाकायचं याचा हिशेब डोक्यात मांडत मी विंझरला उतरले.

"वन्सं, या," वहिनी म्हणाली, पण डोळे नवऱ्याकडे. तो ओट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही, आत गेलाही नाही.

"कुठाय तो खंड? बघू दे."

"ऱ्हाऊ दे की. बस आदी."

"बस काय? बघू तर खरं काय गोंधळ घातलाय मेल्यांनी."

त्यानं खंड आणला, पण हातात देईना. मीच ओढून घेतला. वहिनी आत निघून गेली. सोळावा अंक सापडला, त्याचं शेवटचं पृष्ठ पाचशे बारा. पुढचं पृष्ठ पाचशे पंचेचाळीस. पिशवीतून माझा अंक काढत मी खंड आणखी उघडून धरला, शिवणीपर्यंत. आणि तिथं मला कागदाची अरुंद पट्टी दिसली. एक नव्हे, एकीवर एक, सरळ, पांढऱ्या. मी बोट फिरवलं. सोळा. छापायचं राहिलं तर पट्ट्या उरत नाहीत. कुणीतरी मोजपट्टी लावून ब्लेडनं सोळा पानं, म्हणजे बत्तीस पृष्ठांचा अख्खा अंक, कापून काढली होती, एकही फाटू न देता.

मी मान वर केली नाही. तो माझ्यासमोर उभा होता आणि मला फक्त त्याचे पाय दिसत होते, पिठानं पांढरे झालेले.  अंकाला साधा कोपरा दुमडलेला ज्याला खपायचा नाही, त्यानं हे केलं होतं. आणि मी खंड बदलून आणायला आले होते.

"दुकानदार काय म्हनला?" त्यानं विचारलं.  "बदलून देतो का?"

"न्हाई देत," मी म्हटलं. "एकदा विकलं की विकलं, म्हणाला."

"मंग?"

मी खंड मिटला आणि माझा अंक त्याच्या हातात दिला. "मंग काय? हा वाच. झाला की आणून दे. माझा हाय तो."

त्यानं अंक घेतला, उलटून नंबर बघितला. मग माझ्या शेजारी ओट्यावर बसला. बराच वेळ पान उघडलं नाही. समोर अंगणात कोंबड्या पडलेले दाणे टिपत होत्या. आतून वहिनीच्या कपबशांचा आवाज येऊ लागला.

"त्या कागदाचं," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "तुज्या मनात काय हाय, ते म्या इचारलंच न्हाई."

वर्षभर मी याच एका प्रश्नाची वाट बघत होते. त्याला द्यायची उत्तरं रात्री उशीवर घोकून ठेवली होती, चांगली झोंबणारी. आणि प्रश्न आला तेव्हा त्यातलं एकही खरं नव्हतं.

"मला अजून कळलेलं न्हाई रे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "शनवारी येतो. चा पीत बसून बोलू."