चार नंबरचं पार्किंग

नेवाडाच्या वाळवंटातल्या सॉल्ट वेल्स या चिमुकल्या गावाला लहान मुलांचा डॉक्टर कधी लाभलाच नव्हता. १९८४ च्या मे महिन्यात तिथल्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात डॉ. शरयू नाडगौडा रुजू झाली. वय बेचाळीस, शिक्षण मिरजेचं, लग्नाच्या फंदात न पडलेली. बोलावणं आलं की दहा मिनिटांत हॉस्पिटल गाठायचं, अशी नोकरीची अट. म्हणून तिला जवळच अपार्टमेंट हवं होतं, आणि गाडीच्या डोक्यावर छप्पर. उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग असं तापायचं, की ती ओव्हनचे जाड हातमोजे घालून ड्राइव्ह करायची.

अख्ख्या गावात भाड्याच्या जागा तीन. पहिलीचं पार्किंग उघड्यावर. दुसरीला छप्पर होतं, पण ती खाणकामगारांनी वर्षभरासाठी भरलेली. पूर्व किनाऱ्यावरच्या पिस्कॅटवेहून थोरल्या बहिणीचा, पद्मिनीताईचा फोन आला, "वेडी आहेस का शरयू? सगळं कॅन्सल कर आणि ये इकडे. इथे अपार्टमेंटला काय तोटा?"

तिसरी जागा व्हर्नाबाईंची. सत्तरीच्या, शाळेची बस चालवण्यात हयात घालवलेल्या. आठ बिऱ्हाडं, मागे पत्र्याची शेड.

"चार नंबर रिकामं आहे," त्या म्हणाल्या, "पण तिथल्या पार्किंगमध्ये आधीपासून एक जण राहते. चालतंय का बघा."

शरयूला वाटलं, कुणाची मोडकी गाडी असेल. बाईंनी बोट दाखवलं. शेडच्या टोकाला, भिंतीच्या पायाशी बीळ होतं. त्यातून आधी सुरकुतलेली मान बाहेर आली, मग पोळपाटाएवढी पाठ. कासव! जिथे पाण्याचा टिपूस नाही, तिथे कासव!

"एक्कावन्न साली आम्ही इमारत बांधली, तेव्हाही ती एवढीच होती. माझ्या नवऱ्यानं तिच्यासाठी शेडचा खांब सरकवला. तुम्ही गाडी अर्धीच आत घ्यायची. आणि सुरू करण्याआधी दर वेळी वाकून खाली बघायचं."

"खाली बसलेली असली तर? उचलून बाजूला ठेवायची?"

"अजिबात नाही! घाबरली की ती पोटात साठवलेलं पाणी सोडून देते. त्यावर वर्षभर काढायचं असतं तिला."

शरयू तिथेच उकिडवी बसली. हगवणीनं अंगातलं पाणी गेलं की पोर दोन दिवसांत हाती लागत नाही, हे तिनं वॉर्डात किती वेळा पाहिलं होतं. आणि हा जीव एकदा प्यायलेल्या पाण्यावर वर्ष काढतो! तिनं त्याच दिवशी करारावर सही केली.

जुलैत एका सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. अडलेली बाळंतीण, बाळाचे ठोके मंदावलेले. शरयू धावत खाली आली, सवयीनं वाकली. मागच्या चाकाला खेटून कासवीण निवांत बसली होती. किल्ली हातातच राहिली. पुढच्या क्षणी ती व्हर्नाबाईंच्या दारावर थापा मारत होती.

बाई गाऊनवरच बाहेर आल्या आणि पिकअप अशी सोडली, की नवव्या मिनिटाला शरयू प्रसूतिगृहात होती. निळं पडलेलं बाळ तिच्या हातात आलं. बराच वेळ काही नाही, आणि मग ते टाहो फोडून रडलं. तिची गाडी संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही.

ऑगस्टच्या एका दुपारी बाईंनी खालून हाक मारली, "डॉक्टर, या लवकर! पाऊस येतोय."

आभाळ कोरडं ठणठणीत. लांब डोंगरावर एकच काळा ठिपका. पण अंगणात कासवीण पुढच्या पायांनी माती उकरत होती. हळूहळू परातीसारखा उथळ खळगा झाला. मग ती त्याच्या काठाशी बसून राहिली.

अर्ध्या तासानं आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. खळगा भरला. कासविणीनं त्यात मान बुडवली आणि ती पीत राहिली, दहा मिनिटं, वीस मिनिटं. शरयू नखशिखांत भिजली तरी तिला हलावंसं वाटेना.

"हिला कुणी सांगितलं?" तिनं हलकेच विचारलं.

"तेहतीस वर्षं मी हेच विचारतेय," व्हर्नाबाई म्हणाल्या.

पाऊस थांबला. कासविणीनं चिखलानं माखलेली मान वर केली आणि ती बिळाकडे निघाली. दोघी बाजूला सरकल्या आणि तिला वाट करून दिली.