काशीत सोडलेला राग

काशीला गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी तिथे सोडून यायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. लोक मोठे हुशार. कोणी कारलं सोडतं, कोणी दुधी, आणि गंगेत बुडी मारून पुण्य घेऊन परत येतं. माझ्या आईने तोंडली सोडली होती, आणि तोंडली तिला लहानपणापासून आवडत नव्हती. माझे दाजी मल्हारराव यांनी मात्र काशीत राग सोडला, आणि तो खरोखर सोडला. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

दाजी म्हणजे माझ्या भागीरथी अक्काचे यजमान. म्हैसूरला कुवेंपुनगरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. आम्हा म्हैसूरच्या मराठी लोकांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते असं घरोघर सांगतात. घोडे गेले, तलवारी गेल्या, आरडाओरडा तेवढा शिल्लक राहिला आणि तो सगळा एकट्या दाजींच्या वाट्याला आला. शिकणाऱ्याच्या पायाखालून क्लच सुटला की त्यांचा आवाज पुढच्या चौकात ऐकू जायचा. "ब्रेक काय देव्हाऱ्यात ठेवायला दिलाय?" "रस्ता सासऱ्याने आंदण दिला एन् तुला?" एरवी शिकवणं कन्नडमधून चाले, पण राग आला की घरची मराठी बाहेर पडायची, वर कन्नडची फोडणी, 'काय'च्या जागी 'एन्'. समोरच्याला अर्धं कळत नसे, घाम मात्र पूर्ण फुटायचा. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे शिकलेल्या कोणी कधी कुठे गाडी आपटल्याचं मी ऐकलं नाही. पण हे मी म्हणतो, कारण मी त्यांच्या घरात राहत नव्हतो.

घरात राहत होती त्यांची एकुलती एक मुलगी, यशस्विनी. शाळेची वही, डब्यातला उरलेला भात, उशिरा वाळत घातलेले कपडे, कशावरूनही तिच्यावर आवाज चढायचा. कॉलेज संपल्यावर तिने गाडी शिकायची हौस धरली. भाजीबाजारासमोर ऐन संध्याकाळी तिची गाडी बंद पडली. दाजींनी तिला सगळ्यांदेखत खाली उतरवलं आणि गाडी घेऊन निघून गेले. पोरगी चालत घरी आली, रडली नाही, जेवली नाही. बंगळूरला नोकरी मिळाली तशी गेली, तिकडेच लग्न केलं, तिला मुलगी झाली. बंगळूर म्हणजे काय, सकाळी निघालं तर जेवायला पोचावं. पण ती घरी आली नाही. आईशी फोनवर बोलायची, आणि मागून बापाचा आवाज आला की फोन ठेवायची.

म्हणून काशीच्या घाटावर, मी टॉवेल धरून उभा असताना, अक्का दाजींना म्हणाली, "वांगं नका सोडू. राग सोडा." एवढंच म्हणाली. दाजी बराच वेळ पाण्यात उभे होते. बाहेर आले तेव्हा थंडीने कुडकुडत होते आणि माझ्या हातून टॉवेल पाण्यात पडला तरी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण गंभीर आहे. अक्काने घाटावरूनच लेकीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की वर्षभर टिकू दे, मग येईन. त्या दिवसापासून ते वर्ष दाजींच्या डोक्यावर बसलं.

आता यात पुनीत येतो. आमच्या ओळखीच्या कृष्णमूर्ती टेलरांचा मुलगा, दाजींचाच जुना शिष्य. त्यालाही दाजींनी एकदा हुणसूर रस्त्यावर गाडीतून उतरवून गावाच्या टोकाच्या हिनकलपर्यंत चालायला लावलं होतं. पुढे त्याच हिनकलमध्ये त्याने मित्रांबरोबर मोबाईलवरचे गेम बनवायची कंपनी काढली. आम्ही काशीला निघण्याच्या आधी तो दाजींकडे आला. म्हणाला, म्हैसूरच्या रस्त्यांवर गाडी चालवायचा गेम करतोय, त्यात तुमचा आवाज हवा. दाजींना वाटलं, पोरांना वाहतुकीचे नियम शिकवायचं काहीतरी असणार. केवढे खूश झाले. दोन-तीन दुपारी त्या कंपनीत बसून पोटभर ओरडून आले, हवी तिथे सही केली आणि विसरून गेले.

गेम बाहेर आला तो आम्ही काशीहून परतल्यावर. मी आयुष्य शहर बसच्या डेपोत काढलं, मला गेममधलं काय कळणार? पण हे मी डोळे फाडून पाहिलं. त्यात एक देखणा हिरो लाल गाडी पळवतो. आणि त्याच्या मागे लागते एक जुनी पांढरी गाडी, तिच्यावर शिकाऊचा लाल एल, आत मिशीवाला म्हातारा. नाव मेष्ट्रु, कन्नडमध्ये मास्तर. तो हॉर्न वाजवतो, बाजूने धक्का देतो, गटारात घालतो आणि वरून दाजींच्या आवाजात विचारतो, ब्रेक काय देव्हाऱ्यात ठेवायला दिलाय? पोरांनी त्याचा तिरस्कार करावा आणि त्याला हरवावं, असा पुनीतचा बेत होता.

पोरं त्याच्या प्रेमातच पडली. शिव्या ऐकायला मुद्दाम हरायला लागली. मग म्हणाली, आम्हाला हिरो नको, आम्हाला मेष्ट्रु व्हायचंय. कंपनीने त्याच जुन्या रेकॉर्डिंगवर दुसरा भाग काढला, त्यात मेष्ट्रुच मुख्य. तो लाल गाडीवाला कुठे गेला, त्याची कोणी चौकशीही केली नाही. रिक्षांच्या मागे मेष्ट्रु आला, टी-शर्टांवर आला. कन्नड लिपीत लिहिलेली आमच्या घरातली मराठी मी सिग्नलला उभा राहून वाचली आणि मला हसावं की लाजावं ते समजेना.

आणि ज्या माणसाच्या रागावर सगळं गाव फिदा झालं होतं, त्याच्याकडे राग नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रांगा लागल्या. सगळ्यांना मेष्ट्रुकडूनच शिकायचं होतं. दाजी तोंडात लवंग धरून बसायचे आणि म्हणायचे, "सावकाश, बाळा. पुन्हा कर." पोरांचे चेहरे पडायचे. जयलक्ष्मीपुरमची विद्याश्री म्हणून एक कॉलेजातली मुलगी, तिने भर चौकात गाडी थांबवून अगदी नम्रपणे विनंती केली की सर, मला एकदा नीट झापा ना. काही जण तर मुद्दाम चुका करायला लागले, लाल दिव्यात गाडी घालू लागले. दाजी हात लांब करून स्टिअरिंग सांभाळायचे, घाम पुसायचे आणि म्हणायचे, पुन्हा कर. मालक जगन्नाथराव म्हणाले, मल्हारराव, एकदा ओरडलात तर काय बिघडतंय? त्यांनी गाडीच्या दारावर मिशीवाला मेष्ट्रु रंगवून घेतला होता. म्हणजे दाजी रोज सकाळी स्वतःचंच तोंड ओढून उघडायचे आणि आत बसायचे.

रस्त्याने जाताना लोक त्यांचेच शब्द त्यांच्या अंगावर टाकायचे. हॉटेलात वेटर विचारायचा, कॉफी देव्हाऱ्यात ठेवू का? सगळे प्रेमाने करायचे, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. त्यांनी नोकरी सोडायचंही मनात आणलं. पण या वयात दुसरं काय येतं त्यांना? आणि घरी बसले तरी गल्लीतली मुलं खिडकीखाली यायची ती यायचीच. एकदा मागच्या पडवीत गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले दिसले. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, "दामू, तो माझ्याच गाडीत येऊन बसलाय रे. उतरतच नाही."

पण टिकले. मला वाटलं नव्हतं, मी उघड सांगतो. फोनवर आता यशस्विनी बापाशी एखादं वाक्य बोलू लागली होती. जेवलात का, एवढंच. दाजी हो म्हणायचे आणि फोन अक्काकडे देऊन बाहेर जाऊन उभे राहायचे. वर्ष सरत आलं होतं.

तेवढ्यात तिसरा भाग आला. लोकांना एखादा दुष्ट माणूस आवडला की त्याच्या दुष्टपणाला कारण लागतं, नाहीतर आवडून घ्यायला त्यांना अवघडल्यासारखं होतं. कंपनीने कारण दिलं. मेष्ट्रुला म्हणे एक मुलगी होती. एका शिकाऊच्या चुकीने ती अपघातात गेली. म्हणून तो असा ओरडतो, ही त्याची माया. दाजींना हे एका शिष्येकडून कळलं. गाडी सुरू करायच्या आधी तिने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, सर, तुमच्या मुलीचं कळलं, फार वाईट वाटलं. दाजींना काही समजेना. मग तिने फोन काढून दाखवलं. पांढऱ्या गाडीत काचेखाली एका मुलीचा छोटा फोटो, त्याला हार घातलेला.

त्या दिवशी दाजींनी शिकवलं नाही. घरी येऊन अक्काला सांगितलं आणि अक्का पांढरी पडली. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आम्ही ऐकत वाढलो. इथे तर घरोघरी, दिवसरात्र, हजारो फोनांवर आमची पोर मेलेली होती, आणि तेही तिच्या बापाच्या आवाजात. अक्काने देवापुढे दिवा लावला आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. मला विचाराल तर मला पुनीतच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. शिवाय उलटा न्याय बघा. पोरगी ज्या रागापायी घर सोडून गेली, तोच राग आता तिच्यावरची माया ठरला होता.

मी दाजींना स्कूटरवर बसवून हिनकलला नेलं. ऑफिसात शिरलो तशी सगळी तरुण पोरं उठून उभी राहिली. दाजींचा चेहरा तांबडा झालेला, मिशी थरथरत होती. ते पाहून पोरांचे डोळे चमकले आणि एकेक करून फोन वर आले. साक्षात मेष्ट्रु चिडून आला होता. दाजींनी ते फोन पाहिले. ओरडले असते तर संध्याकाळपर्यंत यशस्विनीच्या फोनवर पोचलं असतं, वर्ष पाण्यात. नाही ओरडले तर तो हार तसाच राहणार. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

दाजींनी हात जोडले. म्हणाले, "पुनीत, माझी मुलगी जिवंत आहे. तो हार काढ."

पुनीत कावराबावरा झाला. मुलगा नीच नव्हता. तो म्हणाला, काका, ती तुमची मुलगी नव्हे, मेष्ट्रुची आहे. लोक तिथेच रडतात, सगळा भाग त्यावर उभा आहे, आता काढता येत नाही. तुमची सही आहे, असंही हळूच म्हणाला. पोरांचे फोन खाली गेले. एकाच्या तोंडून निराशेचा चक् असा आवाज आला, तो माझ्या अजून कानात आहे. जिना उतरताना मी म्हटलं, मी असतो तर छप्पर उडवलं असतं. दाजी म्हणाले, "तेच त्यांना हवं होतं. आणि तिला नको होतं."

कोणीतरी त्या हात जोडण्याचा व्हिडिओ गावभर पाठवला. लोक म्हणाले, हा खरा मेष्ट्रु नव्हे, नक्कल आहे. पुढच्या रविवारी यशस्विनी न कळवता आली, वर्ष पुरं व्हायच्या आधीच. बरोबर लहानगी सिंचना. अक्काला काय करू न् काय नको झालं. दाजी दारात उभे राहिले, म्हणाले, ये. मलाही बोलावणं आलं, सगळे एकत्र जेवलो. सिंचना जेवताना सारखी आजोबांकडे बघत होती. तिकडे बंगळूरलाही सगळी मुलं तोच गेम खेळतात. शेवटी तिने आईला कन्नडमध्ये विचारलं, हेच का ते? मग गप्प का बसतात?

जेवण झाल्यावर यशस्विनी बापासमोर येऊन बसली. म्हणाली की तिने तो हार पाहिलाय, आणि हात जोडलेलेही पाहिलेत. दाजी घाईघाईने म्हणाले, मी रागावलो नाही, बघितलंस ना, एक शब्द चढवला नाही. त्यांना वाटलं, ती त्याचंच कौतुक करायला आलीय. मलाही तसंच वाटलं.

"आयुष्यभर माझ्यावर ओरडलात, आप्पा," यशस्विनी म्हणाली. "एकदा माझ्यासाठी ओरडायचं होतं."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात थांबली. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, जणू गंगेतलं काही परत मागायचं होतं. मग त्यांनी फोन घेतला आणि पुनीतला लावला. पलीकडून हॅलो ऐकू आलं आणि दाजी उठून उभे राहिले. वर्षभर दाबून धरलेला तो आवाज निघाला तेव्हा भांडी वाजली. "माझी पोर जिवंत आहे, समजलं एन् तुला? माझ्या समोर बसलीय, जेवलीय! तिला हार घालणारा तू कोण रे? तुझ्या घरात कोणाला घाल आधी!" असं बरंच. त्यातला एकही शब्द गेममधला नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना लेकीसाठी रागावलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि माझे डोळे भरून आले.

सिंचनाने आनंदाने टाळ्या पिटल्या. "मेष्ट्रु," ती आईला म्हणाली, "खरंच मेष्ट्रु."

मग पुनीतचा आवाज आला, उत्साहाने फुललेला. "काका, हाच. हाच आवाज हवा होता. एक मिनिट थांबा, रेकॉर्डिंग लावतो, पुन्हा पहिल्यापासून म्हणा."

दाजींचं तोंड उघडंच राहिलं. यशस्विनीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, बंद केला आणि त्यांना खाली बसवलं. त्यांचा हात तिने सोडला नाही. सिंचना मात्र त्यांचा गुडघा धरून हलवत होती. अज्जा, अजून एकदा, म्हणत होती.